नातीचं रक्त, घराण्याचा हिशेब

नऊ वर्षांच्या मुलीच्या रक्तात एकूण कोलेस्टेरॉल २९९ निघालं, तर काळजी कुणाची करायची? मुलीची, हे उत्तर सरळ आहे, पण पुरेसं नाही. मुलांच्या रक्तात हृदयरोगाच्या खुणा शोधाव्यात का, कोणत्या शोधाव्यात आणि सापडल्यावर काय करावं, यावर जगभरच्या डॉक्टरांत दोन तट आहेत. ते दोन्ही तट एकाच घरात समोरासमोर बसले तर काय बोलतील, ते इथे मांडलं आहे. मावशी, भाचा, त्यांचं घर आणि नातीचा रिपोर्ट मी या लेखापुरते रचले आहेत. त्यांच्या बोलण्यात येणारे अभ्यास, सालं आणि त्यातले आकडे मात्र खरे आहेत.

घर वरळी कोळीवाड्यातलं. मावशी महापालिकेच्या एका रुग्णालयात मुलांच्या वॉर्डात परिचारिका होती, आता निवृत्त. भाचा एका प्रयोगशाळेत बायोकेमिस्ट. नात म्हणजे मावशीच्या मुलीची मुलगी. जावयाला अडतिसाव्या वर्षी हार्ट अटॅक आला, स्टेंट बसला. त्याच्या धास्तीने घरच्यांनी मुलीचंही 'हार्ट पॅकेज' करून घेतलं. रिपोर्टात आठ ओळी: एकूण कोलेस्टेरॉल २९९, एचडीएल ४२, ट्रायग्लिसराइड ११०, एलडीएल २३५, एपो-बी १६५, लायपोप्रोटीन-ए ८२, एचएस-सीआरपी ५.१, होमोसिस्टीन १६. आठपैकी सहा ओळी ठळक अक्षरांत, म्हणजे 'नॉर्मल नाही'.

मावशी : नऊ वर्षांच्या पोरीचं हार्ट पॅकेज! माझी सगळी नोकरी मुलांच्या वॉर्डात गेली. हृदयाची मुलं यायची ती जन्मतः भोक असलेली, नाहीतर घसा दुखून, सांधे सुजून झडपा खराब झालेली. कोलेस्टेरॉलचं मूल म्हणून कुणाला दाखल केलेलं मला आठवत नाही.

भाचा : दाखल होणारच नाही. त्या मुलाला काही दुखतच नाही ना! आपली चिंगी बंदरावर धावते, पोहते, शाळेत पहिली येते. हा आजार लहानपणी सुरू होतो आणि चाळिशीला कळतो. कोरियन युद्धात मेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांची हृदयं उघडून पाहिली होती. तो अभ्यास १९५३चा. सरासरी वय बावीस. त्यांतल्या ७७ टक्क्यांच्या हृदयाच्या धमन्यांत आजाराची सुरुवात दिसली. ती पोरं लढायला गेली होती, धडधाकट होती.

मावशी : सैनिक मोठे. आपण पोराटोरांबद्दल बोलतोय.

भाचा : त्यांच्याबद्दलही माहीत आहे. अमेरिकेत लुइझियाना राज्यात बोगलुसा नावाचं गाव आहे. तिथल्या मुलांची वजनं, रक्तदाब, कोलेस्टेरॉल १९७३पासून नोंदवत गेले. त्यांतली काही मुलं पुढे अपघातात वगैरे गेली, तेव्हा शवविच्छेदनात धमन्या पाहिल्या. १९९८मध्ये निष्कर्ष छापून आले. ज्यांच्या नोंदींत धोक्याच्या गोष्टी जास्त, त्यांच्या धमन्यांत चरबीचे पट्टे जास्त. म्हणजे जिवंतपणी घेतलेल्या रक्ताने जे सांगितलं, ते धमनीत लिहिलेलं होतं.

मावशी : चरबीचा पट्टा म्हणजे अटॅक नव्हे. किती पोरांत तो पट्टा आपोआप विरतो, ते सांग.

भाचा : काहींत विरतो. पण एलडीएल २३५ असेल तर तो विरत नाही. मुलांत एलडीएल ११०च्या आत असावं, १३०च्या वर गेलं की जास्त. १६०च्या वर आणि घरात कुणाला लवकर हृदयविकार असेल, तर घराण्यातून आलेल्या आजाराची शंका घ्यायची. १९०च्या वर असेल तर शंका पक्की. आपली २३५वर आहे.

मावशी : थायरॉईड बघितलं?

भाचा : पॅकेजमध्ये नव्हतं.

मावशी : लघवीतलं प्रथिन?

भाचा : तेही नव्हतं.

मावशी : मग तुमचं पॅकेज कसलं! नेफ्रोटिकची मुलं आमच्या वॉर्डात सदाच असायची. डोळे सुजलेले, पाय सुजलेले, लघवीतून प्रथिन जातंय. त्यांचं कोलेस्टेरॉल चारशे-पाचशे असायचं. मूत्रपिंडाचा आजार आटोक्यात आला की खाली यायचं. थायरॉईड कमी असलं तरी चढतं. आधी ते दोन बघा, मग घराण्याला नावं ठेवा.

मावशीचं हे बोलणं मला या सगळ्या चर्चेत फार मोलाचं वाटतं. मुलाच्या रक्तात कोलेस्टेरॉल जास्त दिसलं की पहिला प्रश्न 'हे दुसऱ्या कशामुळे तर नाही ना' हाच असायला हवा. थायरॉईडची चाचणी आणि लघवीची साधी तपासणी दोन्ही स्वस्त आहेत. आठ ओळींच्या रिपोर्टात होमोसिस्टीन आहे आणि या दोन गोष्टी नाहीत, यात पॅकेज विकणाऱ्यांची दृष्टी दिसते. शिवाय एकाच रिपोर्टावर काहीच ठरवायचं नसतं. ताप-खोकल्यात कोलेस्टेरॉल तात्पुरतं उतरतं, ट्रायग्लिसराइड चढतं. म्हणून मूल बरं झाल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा रक्त घेऊन दोन्हींची सरासरी पाहतात. वयात येताना एलडीएल आपसूक थोडं खाली येतं, त्यामुळे त्या वर्षांत पाहिलेला आकडा फसवू शकतो. नऊ ते अकरा हे वय तपासणीला सुचवलं जातं, ते याचसाठी.

भाचा : थायरॉईड आणि लघवी उद्याच करू. ती ठीक निघाली तर?

मावशी : तर तू सांग.

भाचा : तर बापाकडून आलं. रक्तातलं एलडीएल यकृताने उचलून घ्यायचं असतं. यकृताच्या पेशींवर त्यासाठी ग्राहक असतात, रिसेप्टर. सकाळी ससून डॉकवर होड्या लागल्यात आणि टोपल्या उचलणारे अर्धेच आलेत, असं समज. माल तेवढाच, पण धक्क्यावर साचत राहणार. हिच्या यकृतावर ते ग्राहक जन्मापासून अर्धेच चालतात. आई-बापांपैकी एकाकडून बिघडलेलं जनुक आलं की एवढं होतं. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन या दोघांनी डॅलसमध्ये रुग्णांच्या त्वचेच्या पेशी वाढवून हे शोधलं, १९८५चं नोबेल त्यांना मिळालं. जगात साधारण अडीचशे माणसांत एकाला हा दोष असतो. आपल्याकडेही नवा नाही. इथून जवळ माहीमला हिंदुजा रुग्णालयात डॉ. टेस्टर अशावैद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय रुग्णांत एलडीएल रिसेप्टरच्या जनुकातले दोष शोधून २०००मध्ये छापले होते.

मावशी : आणि दोघांकडून आलं तर?

भाचा : तर ग्राहक जवळजवळ नसतातच. एलडीएल पाचशेच्या वर जाऊ शकतं. कोपरांवर, गुडघ्यांवर, टाचेच्या मागच्या शिरेवर पिवळट गाठी येतात.

मावशी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली:

मावशी : असा एक मुलगा मी पाहिलाय. सात-आठ वर्षांचा असेल. कोपरांवर आणि नितंबांवर पिवळ्या गाठी, हरभऱ्याएवढ्या. चामखीळ म्हणून कुठे कुठे जाळून आणल्या होत्या, पुन्हा यायच्या. आमच्याकडे छातीत दुखतं म्हणून आला. आई-बाप एकमेकांचे आतेमामे भाऊ-बहीण. तो पुढे टिकला नाही. तेव्हा आम्ही म्हणालो, 'पोराच्या नशिबात होतं.'

भाचा : मावशी, त्या दोघांचंही जनुक आजोबांच्या किंवा आजीच्या घरातून आलेलं असणार. लेबनॉनमध्ये आवेदिस खाचादुरियन यांनी १९६४मध्ये अशीच कुटुंबं तपासून दाखवलं होतं. जवळच्या नात्यात लग्नं झाली, की दोन अर्धे दोष एका मुलात एकत्र यायची शक्यता वाढते. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारांत एक.

'मामाची मुलगी ती हक्काची' हे आपल्याकडे नुसतं म्हणायची गोष्ट नव्हती, महाराष्ट्रात कित्येक जातींत ती रीत होती आणि अजून काही घरांत आहे. रीतीवर टीका करायला हा लेख नाही. पण ज्या घरात चाळिशीच्या आत हार्ट अटॅक आलेत, तिथे नात्यातलं लग्न ठरवण्याआधी दोन्ही बाजूंचं एलडीएल पाहून घ्यावं, हे मी आग्रहाने सांगेन. कुंडलीला देतो तेवढा वेळसुद्धा त्याला लागत नाही.

आता उरलेल्या ठळक ओळी. भाच्याचा जीव तिथेच अडकला होता.

भाचा : फक्त एलडीएल बघून भागत नाही आता. सीआरपी बघ, ५.१. मोठ्यांत तीनच्या वर म्हणजे धोका जास्त. धमन्यांत आतून दाह चालू असल्याची ती खूण आहे. १९९७मध्ये पॉल रिडकर यांनी दाखवलं, की ज्यांचं सीआरपी जास्त त्यांना पुढे हार्ट अटॅक जास्त येतात.

मावशी : रक्त कधी घेतलं?

भाचा : गेल्या शनिवारी.

मावशी : शुक्रवारी पोरगी शिंकत होती. दाढही किडलीय तिची, तिच्या आईला दोनदा सांगितलं. गुडघ्याला खरचटलेलं आहे ते वेगळं. लहान मुलाच्या अंगात दाह कधी नसतो, ते मला सांग! आम्ही वॉर्डात सीआरपी काढायचो ते जंतुसंसर्ग किती आहे ते बघायला. त्याच आकड्यावरून तू तिचं काळीज जोखतोस?

भाचा : एचएस म्हणजे जास्त बारीक मोजमाप...

मावशी : मोजमाप बारीक आहे, पण मोजलं काय? दाढ की धमनी?

या प्रश्नाला भाच्याकडे उत्तर नव्हतं आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर शास्त्राकडेही मुलांसाठी तसं उत्तर नाही. कोलेस्टेरॉल जास्त असलेल्या मुलांच्या गटात सीआरपी किंवा दाहाच्या इतर खुणा सरासरीने किंचित चढलेल्या आढळतात, असं सांगणारे अभ्यास आहेत. पण गटाची सरासरी वेगळी आणि एका मुलीचा आकडा वेगळा. सीआरपीबाबत आणखी एक गोष्ट कळली आहे. ज्या माणसांत जन्मतः जनुकामुळे सीआरपी जास्त असतं, त्यांना हृदयविकार जास्त होतो का, हे हजारो माणसांत तपासलं गेलं. होत नाही. म्हणजे सीआरपी आजाराच्या आसपास दिसतं, आजार घडवत नाही. एलडीएलचं तसं नाही. जन्मतः एलडीएल जास्त असलेल्यांना हृदयविकार जास्त आणि लवकर होतो, जन्मतः कमी असलेल्यांना कमी. रक्तातल्या खुणा वाचताना मला हा भेद सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो: कोण आजार घडवतं आणि कोण नुसतं साक्षीला उभं असतं.

मावशी : होमोसिस्टीनची भानगड काय?

भाचा : तीही गोष्ट मुलांपासूनच सुरू झाली. १९६९मध्ये बॉस्टनला किल्मर मॅककली नावाच्या डॉक्टरांनी होमोसिस्टीन फार चढलेल्या मुलांच्या धमन्या पाहिल्या. म्हाताऱ्या माणसाच्या असाव्यात तशा झालेल्या. तो दुर्मिळ आजार होता, पण त्यावरून त्यांनी विचार मांडला, की थोडं चढलेलं होमोसिस्टीनही सगळ्यांच्या धमन्या बिघडवत असेल.

मावशी : आणि?

भाचा : बी-१२ आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या देऊन होमोसिस्टीन उतरवून बघितलं. मोठे प्रयोग झाले, त्यांतल्या दोनांचे निकाल २००६मध्ये आले. होमोसिस्टीन उतरलं, हार्ट अटॅक काही कमी झाले नाहीत.

मावशी : मग ते हार्ट पॅकेजमध्ये का घातलं?

भाचा : ...आपल्याकडे ते चढलेलं सापडतं म्हणून. पुण्याला केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी तपासलेल्या मध्यमवयीन पुरुषांत निम्म्याहून अधिकांचं बी-१२ कमी होतं आणि होमोसिस्टीन जास्त.

मावशी : ते शाकाहारी असतील. हिच्या ताटात रोज मासळी असते.

भाचा : रोज? विचार तिच्या आईला. चिंगी फक्त वेफर्स आणि चायनीज भेळ खाते असं ती मला म्हणाली.

मावशी या वेळी गप्प बसली, आणि पुढे बी-१२ तपासायला तिने हरकत घेतली नाही. होमोसिस्टीनची ती ओळ अशी कामाला आली: हृदयासाठी नव्हे, पोरीच्या ताटासाठी.

भाचा : एपो-बीचं तुला पटेल. एलडीएलच्या प्रत्येक कणावर एपो-बीचा एकच रेणू असतो. त्यामुळे एपो-बी मोजलं की कण किती, ते कळतं. एलडीएल बहुतेक ठिकाणी थेट मोजत नाहीत, हिशेबाने काढतात: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा, ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा. २९९मधून ४२ गेले, २२ गेले, उरले २३५. फ्रीडवाल्डचं हे सूत्र १९७२चं. ट्रायग्लिसराइड फार चढलं की ते चुकतं, तेव्हा एपो-बी खरं सांगतं.

मावशी : हिचं फार चढलेलं नाही.

भाचा : नाही. हिच्या बाबतीत एपो-बीने तेच पुन्हा सांगितलं. पण लायपोप्रोटीन-ए मात्र नवीन सांगतं. ते मी सोडणार नाही.

मावशी : ते काय आहे?

भाचा : एलडीएलसारखाच कण, त्याला आणखी एक प्रथिन चिकटलेलं. नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी १९६३मध्ये शोधलं. ते किती असणार हे जवळजवळ पूर्णपणे जनुकांवर ठरतं. पाचेक वर्षांच्या वयात ते मोठ्यांच्या पातळीच्या जवळ पोचतं, मग आयुष्यभर फारसं हलत नाही. जेवण बदला, धावा, पोहा, फरक नाही. साध्या कोलेस्टेरॉलच्या गोळीने उतरत नाही. म्हणून आयुष्यात एकदा मोजलं की पुरतं. ५०च्या वर म्हणजे जास्त, हिचं ८२ आहे. आणि हे सीआरपीसारखं साक्षीदार नाही. जन्मतः जास्त असणाऱ्यांना हृदयविकार जास्त होतो, हे सिद्ध झालंय. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४मध्ये कोलेस्टेरॉलबद्दल भारतासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत म्हटलंय की भारतात चारांत एकाचं हे ५०च्या वर असतं.

मावशी : जे उतरवता येत नाही ते मोजून करायचं काय? नुसती धास्ती.

भाचा : उतरवता येत नाही म्हणूनच जे उतरवता येतं ते जास्त जोरात उतरवायचं. एलडीएल आणि लायपोप्रोटीन-ए दोन्ही जास्त असलेलं मूल आणि नुसतं एलडीएल जास्त असलेलं मूल सारखं नाही.

इथे मी भाच्याच्या बाजूला आहे.

मावशीने मग खरा आक्षेप काढला. तोवर ती आकड्यांवर बोलत होती, आता पोरीबद्दल बोलू लागली.

मावशी : ऐक. कोरोनात, २०२०च्या मार्च-अखेरीला आपला कोळीवाडा सील झाला. त्यानंतर कितीतरी दिवस 'वरळी कोळीवाड्याची' म्हटलं की लोक चार हात लांब व्हायचे. आजार गेला, पण शिक्का राहिला. या पोरीवर नवव्या वर्षी 'हृदयाची पेशंट' शिक्का बसला, तर शाळेत तिला पीटीला बसवून ठेवतील. उद्या लग्नाच्या वेळी कुणी विचारलं तर? आणि गोळी सुरू केली की जन्मभराची. वाढत्या अंगाला, पाळी यायच्या आधी. तुझं ठरलंय का हे सगळं?

भाचा : गोळीबद्दल माहिती आहे. नेदरलँड्समध्ये या आजाराच्या २१४ मुलांवर प्रयोग झाला, निकाल २००४चा. दोन वर्षांत गोळीमुळे उंची, वजन, वयात येणं, कशातच फरक पडला नाही. त्याच मुलांचा वीस वर्षांनंतरचा अहवाल २०१९मध्ये आला. एकोणचाळीस वर्षांचं होईपर्यंत त्यांच्यात हृदयाची घटना घडली एक टक्क्याला. त्यांच्याच आजारी आई-बापांना त्याच वयापर्यंत २६ टक्क्यांना घडली होती. सात टक्के तर मेले होते. मुलांत एकही नाही.

मावशी : आई-बापांशी तुलना? आई-बाप वेगळ्या काळातले. सिगारेटी जास्त ओढत असतील. त्यांना लहानपणी ही औषधंच नव्हती. चिठ्ठ्या टाकून निम्म्या मुलांना वीस वर्षं गोळी, निम्म्यांना नाही, असा प्रयोग झालाय का?

भाचा : नाही. आणि होणारही नाही. एवढं माहीत असताना निम्म्यांना वीस वर्षं गोळीविना कोण ठेवील?

मावशी : मग एवढं तरी म्हण, की पुरावा चांगला आहे, पक्का नाही. तज्ज्ञ म्हणाले म्हणून मान डोलवणारी वस्ती नाही ही. कोस्टल रोडच्या खांबांमध्ये होड्यांना ६० मीटर पुरे म्हणत होते. आपल्या माणसांनी भांडून १२० मीटर करून घेतले.

भाचा : म्हणतो. पण मग तूही म्हण, की २३५ला नुसतं बसून राहणं हासुद्धा एक निर्णय आहे.

मावशीचा संशय एकटीचा नाही. अमेरिकेत २०११मध्ये तिथल्या राष्ट्रीय हृदय संस्थेच्या तज्ज्ञ गटाने सांगितलं, की नऊ ते अकरा वर्षांच्या प्रत्येक मुलाचं कोलेस्टेरॉल एकदा पाहा. प्रतिबंधक तपासण्यांवर सल्ला देणाऱ्या तिथल्याच दुसऱ्या गटाने २०२३मध्ये म्हटलं, की लक्षणं नसलेल्या सगळ्या मुलांना तपासावं की तपासू नये, हे ठरवायला पुरावा अपुरा आहे. दोन्ही गट शहाण्या माणसांचे. स्लोव्हेनिया या छोट्या देशाने मात्र वाट पाहिली नाही. १९९५पासून तिथे पाच वर्षांच्या मुलांचं कोलेस्टेरॉल पाहतात, आणि जास्त निघालेल्यांना पुढे तज्ज्ञांकडे पाठवून त्यांच्यामागे उभे राहतात. आपल्याकडे २०१३पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळांमधून मुलांची तपासणी होते. त्यात जन्मजात हृदयदोष आहे, संधिवाताचा हृदयरोग आहे, कोलेस्टेरॉल नाही. कार्डिऑलॉजिकल सोसायटीच्या २०२४च्या सूचना अठराव्या वर्षी पहिली तपासणी सुचवतात, पण घराण्यात लवकर हृदयविकार असेल तर त्याआधी.

माझं मत सांगतो. आज मुंबईत सगळ्या शाळांतल्या सगळ्या मुलांचं रक्त काढावं, असं मला वाटत नाही. सापडलेल्या मुलाचा दहा वर्षं पाठपुरावा कोण करणार, हे ठरल्याशिवाय ते करू नये. मात्र ज्या घरात पंचावन्नच्या आत पुरुषाला किंवा पासष्टच्या आत बाईला हार्ट अटॅक आला, त्या घरातल्या मुलांचं एलडीएल आणि एकदा लायपोप्रोटीन-ए न पाहणं हा निष्काळजीपणा आहे. अँजिओप्लास्टी झालेल्या तरुण बापाला डिस्चार्ज देताना 'तुमची मुलं किती वर्षांची?' हा प्रश्न विचारला जायलाच हवा.

मावशी : बरं, गोळीच्या आधी जेवण बदलून बघायचं की नाही? का लगेच औषध?

भाचा : आधी काही महिने जेवण. आणि तुझी कोळंबी बंद नाही, घाबरू नकोस.

मावशी : सगळे तेच सांगतात, कोळंबी सोडा.

भाचा : कोळंबीत कोलेस्टेरॉल आहे, पण रक्तातलं एलडीएल चढवणारी संपृक्त चरबी अगदी कमी आहे. बांगडा, मांदेली, बोंबील खुशाल दे. तळून रोज नको, कालवण दे. नारळाचं वाटण आवर, लोणी-तूप आवर, बेकरीची खारी बंद. एवढ्याने थोडं उतरेल. पण अर्धे ग्राहक गायब असतील तर नुसत्या जेवणाने २३५चं १३० होणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. नाहीतर आईला वाटेल, आपण नीट जेवायला घातलं नाही.

ही अपराधाची भावना किती आयांना खात असेल! इथे दोन वेगळी मुलं नीट ओळखायला हवीत. एक मावशीच्या नातीसारखं: बारीक, चपळ, एलडीएल आभाळाला टेकलेलं. त्याला ते जन्मतः मिळालं आहे. दुसरं मूल सुटलेलं, एलडीएल फार नाही, पण ट्रायग्लिसराइड जास्त आणि एचडीएल कमी. दुसऱ्या प्रकारची मुलं आपल्याकडे कितीतरी जास्त आहेत. २०१६ ते २०१८मध्ये झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात पाच ते नऊ वर्षांच्या ३४ टक्के मुलांचं ट्रायग्लिसराइड जास्त निघालं. कोलेस्टेरॉल जास्त फक्त ३ टक्क्यांचं. त्या दुसऱ्या मुलांना ताट बदलून आणि खेळायला मैदान देऊन खूप फरक पडतो. पहिल्याला 'खेळ, कमी खा' एवढंच सांगून सोडणं म्हणजे त्याला वाऱ्यावर सोडणं आहे.

मावशी : आणि पुढे पोटुशी राहील तेव्हा?

भाचा : मूल हवं असं ठरलं की डॉक्टरांशी बोलून गोळी सहसा थांबवतात, नंतर पुन्हा सुरू करतात. आत्ता सुरू करायची की नाही, तेही मी ठरवणार नाही. थायरॉईड, लघवी, दुसरा रिपोर्ट, काही महिने जेवण, मग परळला वाडियाच्या मुलांच्या डॉक्टरांकडे. साधारण आठ ते दहा वर्षांपासून गोळी देतात. ती त्या वयात आहेच.

मावशी : धाकट्याचं बघितलंस का?

भाचा : कुणाचं?

मावशी : तिच्या भावाचं. सहा वर्षांचा आहे. दोन मुलांत एकाला येतं ना?

भाचा : प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. त्याचं नाही बघितलं.

मावशी : आणि जावयाची बहीण वर्सोव्याला आहे, तिला दोन मुलगे. मोठ्याला आपल्या चिंगीच्याच नावाने चिडवतात सगळे, मामाची पोर म्हणून.

भाच्याने आता रिपोर्ट खाली ठेवला. तो जे काम करायला निघाला होता ते मावशीने उचललं होतं. ब्रिटनमध्ये २०१६मध्ये छापलेल्या एका अभ्यासात दहा हजारांवर बाळांचं रक्त लसीकरणाच्या वेळी टाचेतून घेतलं गेलं. तपासलेल्या दर हजार बाळांमागे चार बाळं सापडली, आणि त्यांच्या मागोमाग चार आई किंवा बाप, ज्यांना आपल्याला असं काही आहे याची कल्पनाच नव्हती. मुलाचा रिपोर्ट मागे आई-बापांपर्यंत आणि बाजूला भावंडांपर्यंत वाचत गेलं की त्याची किंमत कित्येक पटींनी वाढते. नेदरलँड्सने १९९४पासून वीसेक वर्षं हेच केलं: एक रुग्ण सापडला की त्याच्या नातेवाइकांच्या दारी जायचं. आपल्याकडे तसं दारी जाणारं सरकारी माणूस नाही. पण कोळीवाड्यात कुणाची कोण, कुठे दिली, कुणाचा बाप कशाने गेला, हे तोंडपाठ असणाऱ्या बायका आहेत. ही माहिती कुठल्याच प्रयोगशाळेच्या संगणकात नसते.

भाचा : वर्सोव्याला मी फोन करतो.

मावशी : तू नको करूस. तू सीआरपी सांगत बसशील. ती घाबरेल, नाहीतर फोन ठेवेल. मी जाते. तिचा सासरा कशाने गेला ते मला माहीत आहे, तिचा स्वतःचा बाप कशाने गेला तेही. तू मला कागदावर दोन ओळी लिहून दे, एलडीएल आणि ती दुसरी, लायपोप्रोटीन. कुठे करायचं आणि किती पैसे लागतील ते लिही. उपाशीपोटी लागतं का?

भाचा : पहिल्यांदा नाही लागत. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा केलं, की उरतो तो आकडा खाऊन आल्यावरही चालतो. १४५च्या वर निघाला तरच उपाशीपोटी पुन्हा.

मावशी : मग तेही लिही. संध्याकाळी मासळी विकून आल्यावर ती मुलांना घेऊन जाऊ शकेल. सकाळी तिला जमायचं नाही.